निपाणीची फिल्म, बर्लिनचं कपाट : गावात चित्रपट केंद्र काढायचं तर कशासाठी?

पोटमाळा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गडहिंग्लजला एका वाचनालयाचा वरचा हॉल रिकामा पडून आहे. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, दाटीवाटीनं बसली तर शंभरेक माणसं. कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, "सारखं सिनेमा सिनेमा करता ना, घ्या हा हॉल आणि दाखवा काय करता ते." आम्ही पाचसहा जण आहोत. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, चांगला प्रोजेक्टर घेऊन दर रविवारी जागतिक सिनेमा दाखवू. दुसरे म्हणतात, आता कोण बघायला येतंय, पोरं रील्स आणि शॉर्टफिल्म करतात, त्यांना कॅमेरा, माईक, एडिटिंगचं मशीन भाड्यानं देऊ, निदान लाईटबिल तरी सुटेल.

मला दोन्ही अपुरं वाटतं. का ते सांगतो.

१९८० साली बंगळुरात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा गट काढला. त्यांनी चार फिल्म केल्या आणि त्यांतल्या दोन मराठीत आहेत. 'मोलकरीण' (१९८१) पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संपावर आणि संघटनेवर. 'तंबाखू चाकीला ऊब आली' (१९८२) निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांवर. १६ एमएम, कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांची. गट निपाणीत जाऊन राहिला, बायकांशी बोलत बोलत फिल्म काय असावी हे ठरवलं, आणि संपाच्या काळातले काही प्रसंग बायकांनी स्वतःच पुन्हा करून दाखवले. नंतर ह्या फिल्म वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत फिरल्या.

निपाणी आमच्यापासून एसटीच्या अंतरावर आहे. पण आमच्या भागात ही फिल्म पाहिलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. मी पाहिली ती बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेनं अलीकडे डिजिटल करून जपलेल्या प्रतीमुळे.

तेव्हा माझं मत असं की दाखवणं हे केंद्राचं सगळ्यात सोपं काम. ठेवणं, आणि ठेवलेलं ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत परत नेणं, हे काम आपल्याकडे कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. हॉल त्यासाठी वापरावा असं मला वाटतं. तुम्ही काय म्हणता? अनुभव असलेल्यांनी हात राखून लिहू नये.

---

शेवटची_खुर्ची

हेतू चांगला, पण येणार कोण? मोबाइलवर पाहिजे तो सिनेमा पाहिजे तेव्हा मिळतो. पत्र्याखाली घामाघूम होत इराणी सिनेमा बघायला माणूस यायचा तर चहा-भजी ठेवावी लागतील.

---

रिळवाला

@शेवटची_खुर्ची, चहा-भजी ठेवाच. आमच्या सोसायटीत अर्धी वादावादी चहाच्या टपरीवरच व्हायची, आणि खरं शिक्षण तिथंच झालं.

थोडा इतिहास सांगतो, कारण नव्या पोरांना वाटतं हे आपणच पहिल्यांदा करतोय. १९४७ ला सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ ला अशा सोसायट्यांचं फेडरेशन झालं, राय पहिले अध्यक्ष. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय, शिवाय कितीतरी लहान गावांतल्या सोसायट्या ज्यांचं आज नावही कुणी घेत नाही. तेव्हा प्रिंट पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडून किंवा वकिलातींकडून यायच्या, पत्र्याच्या गोल डब्यांत, रेल्वे पार्सलनं. स्टेशनवर जाऊन सोडवून आणायच्या, बघायच्या, परत बांधून पुढच्या गावाला. एक गाव उशीर करी आणि पुढच्या गावचा खेळ बोंबले.

मी १६ एमएमचा प्रोजेक्टर चालवायचो. फिल्म गेटमधून नेताना वर आणि खाली एकेक सैल लूप सोडावा लागतो. लूप तुटला की पडद्यावरचं चित्र थरथरायला लागतं आणि मागून सगळे एका सुरात "ओ, फ्रेम!" लूप पुन्हा नीट होईस्तोवर दिवे लावायचे. त्या मध्येच आलेल्या उजेडात लोक एकमेकांशी बोलायला लागायचे, ते फिल्म सुरू झाली तरी थांबायचे नाहीत.

आता कडू भाग. सोसायट्यांचे सभासद वाढायचं एक मोठं कारण कलाप्रेम नव्हतं. फिल्म सोसायटीला सभासदांपुरते परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीविना दाखवायची सवलत होती. पुढच्या रांगा कशासाठी भरायच्या हे जाणकारांनी ओळखावं. व्हीसीआर आला आणि ते गिऱ्हाईक गेलं. मग सीडी, मग डाउनलोड. ज्या सोसायट्यांकडे फक्त 'दुर्मीळ चित्रपट दाखवतो' एवढंच होतं त्या बसल्या. ज्यांनी अंक काढले, रसग्रहण शिबिरं घेतली, माणसं घडवली, त्या टिकल्या. म्हणून धागाकर्त्याशी सहमत, रविवारचा शो हा पायाच धरू नका.

---

शेवटची_खुर्ची

"ओ, फ्रेम!" वाचून खुर्चीतून पडलो. पुढच्या रांगांबद्दल मौन.

---

श्प्रे_काठची

बर्लिनमध्ये राहते, म्हणून आर्सेनलबद्दल लिहिते. नाव ऐकून कुणाला भलतं मोठं सरकारी संग्रहालय वाटेल, तसं नाही. १९६३ ला एरिका आणि उलरिश ग्रेगोर वगैरे काही चित्रपटवेड्यांनी एक संस्था नोंदवली. १९७० ला स्वतःचं छोटं थिएटर काढलं, आणि १९७१ पासून बर्लिन महोत्सवातला 'फोरम' हा विभाग तेच चालवतात. मुख्य महोत्सवात ज्याला जागा मिळत नाही असा आडवळणाचा, राजकीय, प्रायोगिक सिनेमा तिथं.

संग्रह कसा वाढला ते मला फार आवडतं. फोरमसाठी बाहेरदेशची फिल्म आली की तिच्यावर जर्मन सबटायटल्स चढवून एक प्रत काढायची. महोत्सव संपला की ती प्रत परत पाठवायची नाही, जर्मनीत इतरत्र दाखवायला ठेवून घ्यायची. असं वर्षानुवर्षं करत हजारो चित्रपट जमले. त्यांतल्या काही चित्रपटांची मायदेशात एकही धड प्रत उरली नाही, इथली उरली. कुणी 'जगाचा वारसा वाचवू' म्हणून बसलं नव्हतं, फिल्म पुन्हा लावता यावी एवढ्यासाठी ठेवली होती.

२००० ते २०२४ थिएटर पोट्सडामर प्लात्झच्या चकचकाटात होतं. २०२४ च्या अखेरीस ती जागा सोडली आणि आता बस्तान वेडिंग भागात, एका जुन्या शवदाहिनीच्या आवारात. संग्रह बरीच वर्षं तिथंच आहे. इकडे गंमतीनं म्हणतात, सिनेमा मेला म्हणणाऱ्यांना आता पत्ताच देता येतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं मुख्यतः सरकारी अनुदानावर चालतं. काय दाखवायचं ते संस्था ठरवते, पैसा बराचसा सरकारचा. तुम्ही 'स्वतंत्र' म्हणता तेव्हा नक्की कुणापासून?

---

सरळ_रेघ

कळीचा प्रश्न. शिवाय मला एक कळत नाही, आपल्या बायकांची फिल्म जर्मनांनी जपली याचं कौतुक कसलं करायचं? पुण्यात राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह आहे की. ते काय करतं?

---

रिळवाला

अर्काइव्हबद्दल आदरानं बोला हो. १९६४ ला ते सुरू झालं तेव्हा फाळक्यांच्या चित्रपटांचीसुद्धा जेमतेम काही रिळं उरली होती. पी. के. नायर यांनी ती मिळवली म्हणून आज शिल्लक आहेत. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले म्हणतात, बोटांवर मोजता यावेत तेवढेच हाती लागतात. २००३ च्या आगीत नायट्रेटवरची, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही फिल्मवरची, कितीतरी रिळं गेली. नायट्रेट पेटलं की पाणी ओतूनही विझत नाही, स्वतःच ऑक्सिजन सोडत जळतं. एवढ्या सगळ्यात त्यांनी जे राखलं ते थोडं नाही.

पण राष्ट्रीय संस्था थिएटरमध्ये लागलेला सिनेमा आधी बघणार. गावातल्या मोर्चाची व्हिडिओ कॅसेट त्यांच्या यादीत कशी येईल? आणि आता फिल्म्स डिव्हिजन काय, अर्काइव्ह काय, २०२२ पासून सगळं एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या एका छत्राखाली नेलं. माहितीपटवाल्यांनी तेव्हा आरडाओरडा केला तो उगाच नाही. सगळी अंडी एका टोपलीत.

---

हिशेबनीस

मी एका संस्थेचे हिशेब बघतो, तेव्हा भावना बाजूला ठेवून लिहितो.

जाहीर खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. फिल्म सोसायटी म्हणून फेडरेशनशी जोडून घेतलंत आणि खेळ सभासदांपुरता ठेवलात तर सवलतीचा विचार होतो, महोत्सवाला मंत्रालयाकडून सूट मागावी लागते. माहितीपटवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. २००४ च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, निर्मात्यांनी एकजूट करून ती मागे घ्यायला लावली, तर निवडीत नेमके टीका करणारेच बरेच चित्रपट गळले. मग त्यांनी समोरच प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' भरवला. गर्दी तिकडे. त्यातून पुढं मुंबईत आणि बाहेर नियमित खेळ सुरू राहिले.

घरच्या सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये सिनेमा लावू नका. तो चोरून लावल्यासारखाच आहे. माहितीपट करणाऱ्याला सरळ पत्र लिहा. बहुतेक जण हो म्हणतात, फार तर नाममात्र मानधन आणि प्रेक्षकांशी बोलायची संधी मागतात.

पैसा. @श्प्रे_काठची यांचा प्रश्न मी असा मांडेन : कोणत्याही एका देणगीदारानं उद्या हात काढला तर पुढच्या महिन्याचं लाईटबिल भरता येईल का? येत असेल तर तुम्ही स्वतंत्र. आमच्या माहितीतल्या एका मंडळाला एका बांधकाम व्यावसायिकानं एसीसकट हॉल दिला. दोन वर्षांनी त्याच्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर कुणी फिल्म लावली, आणि हॉलला 'दुरुस्ती' निघाली ती अजून चालू आहे. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि सोबत्यांच्या 'ओडेसा'नं १९८४ पासून गावोगाव चित्रपट दाखवत लोकांकडून रुपया-रुपया जमवला आणि त्यातून स्वतःचा चित्रपट उभा केला. कष्टाचं काम, पण कुणाचं मिंधेपण नाही.

प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर खर्च करा. चित्र मंद असलं तर लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही की उठतात. आणि पत्र्याचं छप्पर म्हणता, तर जून ते सप्टेंबर विसरा.

---

पोटमाळा

पावसाचं पटलं. परवा वळीव आला तेव्हा हॉलमध्ये उभं राहून बघितलं, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

@सरळ_रेघ, जर्मनांचं कौतुक नाही करत. मला जो हेवा वाटतो तो त्या कपाटाचा. आपल्याकडे कपाटात काय जाईल ते सांगतो. महिनाभरात सहज विचारत फिरलो. एका जुन्या कार्यकर्त्याकडे धरणग्रस्तांच्या मोर्चांच्या व्हीएचएस. एका शाळेत स्नेहसंमेलनांच्या कॅसेट, त्यात आता बंद पडलेल्या सोंगी भजनाचा अख्खा खेळ. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका दादाकडे मिनी डीव्ही टेपांची (छोट्या डिजिटल कॅसेटची) खोकी, तो म्हणतो, "घेऊन जा, नाहीतर बायको रद्दीत घालणार." आमच्याकडचा पाऊस बघता व्हीएचएसवर बुरशी चढलेलीच आहे, झाकण उघडलं की पांढरे ठिपके दिसतात. तशी टेप मशीनमध्ये घातली तर मशीनचं हेडही जातं.

---

फायरवायर

हां, आता माझा विषय. मिनी डीव्ही डिजिटल करायची तर चालू स्थितीतला कॅमेरा किंवा डेक पाहिजे आणि फायरवायर (कॅमेरा जोडायची जुन्या पद्धतीची खाच) असलेला जुना कॉम्प्युटर. नव्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. घाई करता येत नाही, तासाची टेप तासभरच चालते, समोर बसून बघावी लागते, मध्येच चौकोन चौकोन उमटले की थांबवून हेड पुसून पुन्हा. तासाला साधारण १३ जीबी होतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचं, आणि एक डिस्क दुसऱ्या गावी. एकाच कपाटातल्या दोन डिस्क म्हणजे एकच डिस्क.

व्हीएचएसची बुरशी कोरड्या जागी, मास्क लावून काढायची. घरच्या व्हीसीआरमध्ये 'एकदा लावून बघू' करू नका, काकुळतीला येऊन सांगतोय.

आणि फाईलचं नाव! तारीख, गाव, विषय, टेप कुणाची. 'न्यू फोल्डर २' मध्ये गेलेली टेप बुरशीत गेल्यासारखीच.

ह्या कामाचा एक नमुना बघण्यासारखा आहे. मुंबईत 'कॅम्प' नावाचा गट २००७ पासून काम करतो, खारजवळच्या चुईम गावात त्यांचा स्टुडिओ आणि गच्चीवरचे खेळ. त्यांनी इतर काही संस्थांबरोबर २००८ ला 'पॅड.मा' हा ऑनलाइन संग्रह उघडला. तिथं पूर्ण झालेल्या फिल्मपेक्षा न वापरलेलं चित्रीकरण जास्त महत्त्वाचं मानतात. चित्रण चालू असताना खाली मिनिटामिनिटाला टिपणं, कोण बोलतंय, काय बोलतंय. त्यामुळे शब्द टाकून नेमका क्षण शोधता येतो. तुमच्या टेपांना मराठी-कानडी टिपणं घालायला गावातली माणसंच लागतील, हे काम बर्लिनहून होणार नाही.

---

मास्तरीण

इतका वेळ वाचत होते. शाळेत शिकवते, आमच्या भागातल्या बायकांचे बचतगटही बघते.

केंद्र म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर चष्मेवाले पंधरा पुरुष येतात का? संध्याकाळी आठचा खेळ ठेवलात तर एकही बाई यायची नाही, भाकरी कोण थापणार? दुपारी दोन ते चार ठेवा. स्वच्छतागृह आहे का हे प्रोजेक्टरच्या आधी बघा.

कर्नाटकात सागर तालुक्यातल्या हेग्गोडू गावात 'नीनासम' आहे. १९४९ ला गावातल्या लोकांनी काढलेली नाटकमंडळी, के. व्ही. सुब्बण्णा हे त्यातलं मोठं नाव, पुढं १९९१ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. १९७३ ला त्यांनी फिल्म सोसायटी काढली, सुपारीच्या बागांमधल्या खेड्यात! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथं जाऊन रसग्रहण शिकवायचे. परभाषेतले चित्रपट, कानडीतून समजावून, मग चर्चा. शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी सगळे. 'लोकांना कळत नाही' हे वाक्य तिथं कुणी उच्चारलं नाही, आणि म्हणून ते उभं राहिलं असं मला वाटतं. तुमच्यापेक्षा लहान गाव आहे ते.

दुसरं. सगळ्या टेपा ऑनलाइन टाकायच्या म्हणताय. मोर्चात पंचवीस वर्षांपूर्वी घोषणा देणारी मुलगी आज कुणाची तरी सासू असेल, सरकारी नोकरीत असेल. तिला विचारणार का? लग्नाच्या टेपेत तर अख्खं खानदान. जपणं आणि जगाला दाखवणं ही दोन वेगळी कामं ठेवा.

---

फायरवायर

@मास्तरीण, बरोबर. टेप जमा करतानाच कागदावर लिहून घ्यायचं : फक्त जपायची, हॉलमध्ये दाखवायची, की ऑनलाइन. नंतर विचार बदलला तर काढून घ्यायची मुभा.

---

सरळ_रेघ

मग कॅमेरा भाड्यानं द्यायचा विषय बारगळला का? पोरांना आत्ताचं काहीतरी करायचं असतं, त्यांना जुन्या टेपा पुसायला बसवलंत तर पळतील.

---

पोटमाळा

नाही, तोच आत घेतोय. जो पोरगा केंद्राचा कॅमेरा नेईल त्यानं भाड्याऐवजी काही तास टेपांसमोर बसायचं, आणि स्वतःच्या शूटिंगची एक प्रत केंद्रात ठेवायची. आमच्यातल्या दुसऱ्या तटाच्या म्होरक्यालाच हे आधी पटलं, त्याला फुकटात आर्काइव्ह फूटेज दिसायला लागलं!

---

वखारगल्ली

निपाणीची आहे. खातं काढलं ते ह्या धाग्यासाठीच.

माझी आजी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. नाकाला फडकं बांधून बसायच्या सगळ्या. घरी आली की आधी मोरीत जाऊन लुगडं झटकायची, तरी आम्हा पोरांना शिंका यायच्या. संपाचं ती बोलायची, पण तिच्यावर कुणी फिल्म केली असेल हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती त्यात आहे का, माहीत नाही. आता ती नाही. तिच्याबरोबरच्या दोघीतिघी आहेत.

तुमचं केंद्र काय करायचं ते करा, पण ही फिल्म आधी निपाणीत दाखवा. तुमच्या हॉलचं उद्घाटन नंतर.

---

पोटमाळा

@वखारगल्ली, झालं. उद्घाटन रद्द, पहिला खेळ निपाणीत. दीपा धनराज यांना परवानगीसाठी आणि आर्सेनलला प्रतीसाठी पत्र ह्याच आठवड्यात जातंय. @श्प्रे_काठची, जर्मन भाग तुम्ही बघाल का? आणि त्या मावश्या फिल्म बघताना जे बोलतील ते त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्ड करू, कोण कुठली, कुठला प्रसंग खरा, कुठला करून दाखवलेला. फायरवायरांच्या भाषेत, टिपणं.

---

श्प्रे_काठची

नक्की बघते. ईमेलचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मराठी सबटायटल्सची गरज नाही एवढं त्यांना कळवताना मला भलताच आनंद होणार आहे.

---

हिशेबनीस

पत्र पाठवण्याआधी संस्था नोंदवा, नाहीतर परवानगी कुणाच्या नावे मागणार? १८६० चा संस्था नोंदणी कायदा, सोबत १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. सात जण लागतात, तुम्ही पाचसहा आहात. मास्तरीणबाईंना घ्या. वाचनालयाशी हॉलचा लेखी करार करा, काकांच्या शब्दावर जाऊ नका, पुढच्या निवडणुकीत काका पडले तर?

---

मास्तरीण

मी तयार आहे, पण सातातल्या तीन तरी बायका पाहिजेत.

---

वखारगल्ली

मी दुसरी. निपाणीतल्या खेळाला जागा मी बघते, पण तळमजल्याची बघणार. जिना चढायचा असेल तर मावश्या येणार नाहीत, दोघींचे गुडघे गेलेत. वेळ दुपारी तीनची ठेवा, आणि आवाज मोठा.